घरच्या घरी लाकडी बाक



लाकडाचे सामान फक्त सुतारच करतो असे पुष्कळांना वाटते. कपाट, दरवाजा, खिडकी ही कामे सुताराचीच आहेत, त्यात शंका नाही. पण पाट, स्टूल, बाक, बैठे मेज, चपला ठेवायची मांडणी एवढ्या वस्तू घरची माणसेही करू शकतात. आमच्या घरी एका वर्षात अशा चार वस्तू झाल्या. माझी आई गोदामात पॅकिंगच्या कामाला जाते. बाबा ट्रेलर चालवतात. म्हणजे दोघांनाही वेळ नाही. तरी झाल्या. त्या कशा झाल्या ते मी सांगणार आहे. मापे नीट दिलीस तर लेख लांब झाला तरी चालेल, असे गुरुजी म्हणाले.

प्रथम लाकूड कोठून आणायचे ते पाहू. झाड तोडायचे नाही. झाड तोडायला परवानगी लागते आणि ओले लाकूड सामानाच्या उपयोगी पडतही नाही, ते वाळताना वाकडे होते. आमच्या उरण तालुक्यात चिरनेर गाव आहे. तिथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. इंग्रज सरकारने जंगलातले लाकूड घ्यायला लोकांना बंदी केली होती, म्हणून लोक कोयते घेऊन आक्कादेवीच्या डोंगरावर गेले आणि पोलिसांनी गोळीबार केला. दर वर्षी २५ सप्टेंबरला तिथे हुतात्म्यांना मानवंदना देतात. लाकडासाठी लोकांनी प्राण दिले, हे मला तिथे गेल्यावर कळले. आता आपल्याकडे जंगल कमी आणि कंटेनर जास्त झाले आहेत.

हे कंटेनर कसे आले ते सर्वांना ठाऊक आहेच. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावे नवी मुंबईच्या हद्दीत धरली. पुढे २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. सगळे त्याला जेएनपीटी म्हणतात. आजी म्हणते, जिथे यार्ड हाय तिथे आपली खाचरं होती, भात व्हायचा. आता तिथे दिवसरात्र ट्रेलर उभे असतात.

पण याच यार्डांमुळे आपल्याकडे लाकूड स्वस्त मिळते. जड माल लाकडाच्या चौकटीवर ठेवतात. तिला पॅलेट म्हणतात. खाली तीन जाड दांडे असतात, वर आणि खाली फळ्या ठोकलेल्या असतात. मधल्या फटीत फोर्कलिफ्टचे दोन दात जातात आणि माल उचलला जातो. पॅलेटची एकदोन फळ्या मोडल्या की ती भंगारात जाते. भंगारवाला ती चुलीच्या लाकडासारखी विकतो. आमच्या बाबांनी २०० रुपयांना एक घेतली. यार्डातून न विचारता उचलून आणायची नाही, ती चोरी होते. भंगारवाल्याकडूनच पैसे देऊन घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कुठलीही पॅलेट घरात आणू नये. तिच्या बाजूला जाळून उठवलेला किंवा रंगाचा एक शिक्का असतो. त्यावर गव्हाच्या ओंबीसारखे चित्र असते. शेजारी देशाची दोन इंग्रजी अक्षरे असतात, जसे भारताला आय-एन, चीनला सी-एन. त्याच्याबरोबर आणखी दोन अक्षरे असतात, तीच आपण बघायची. एच-टी असेल तर ते लाकूड तापवलेले आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे राहील असे तापवतात. त्याने आतले किडे आणि अंडी मरतात. एम-बी असेल तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड नावाच्या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते आपण घ्यायचे नाही. काळे, तेलकट किंवा उग्र वासाचे लाकूडही घ्यायचे नाही, कारण त्यावर काय सांडले होते ते आपल्याला माहीत नसते.

हा शिक्का कशासाठी, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, लाकडातून किडे फुकटचा प्रवास करतात. १९९६ साली अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये एक लांब मिशांचा काळा-पांढरा भुंगा सापडला. तो आशियातून मालाच्या खोक्यांच्या लाकडातून गेला होता. त्याच्या अळ्या जिवंत झाड आतून पोखरतात. त्यामुळे तिथली हजारो झाडे तोडावी लागली. मग २००२ साली सगळ्या देशांसाठी हा शिक्क्याचा नियम ठरला. आमच्या बाकाच्या एका पायावर तो शिक्का अजून आहे. बाबांनी मुद्दाम घासला नाही.

आता बाकच का केला ते सांगते. माझ्या आजीचे गुडघे दुखतात. ती खाली बसली की तिला उठता येत नाही, दोघांनी हात द्यावे लागतात. म्हणून तिने पडवीत येणेच बंद केले. पूर्वी ती संध्याकाळी पडवीत बसून सुकट निवडायची, येणाऱ्या जाणाऱ्यांशी बोलायची. मग आत खाटेवरच पडून राहू लागली. जेवायलाही एकटीच खाटेवर. आईला ते बरे वाटत नव्हते. दुकानात प्लास्टिकची खुर्ची मिळते, पण ती आमच्या पडवीच्या उंचसखल जमिनीवर डुगडुगते आणि आजी तिला घाबरते. त्या आधी ताईसाठी दुकानातून एक तयार मेजही आणले होते. ते दिसायला चकचकीत होते, पण आत भुशाची दाबलेली फळी होती. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या कडा फुगून वडापावसारख्या झाल्या. भुसा पाणी प्यायला की फुगतो आणि वाळल्यावरही पूर्वीसारखा होत नाही. खऱ्या लाकडाची फळी भिजली तरी वाळते.

बाक करताना माप माणसाचे घ्यायचे, दुकानातल्या बाकाचे नाही. आजीला आम्ही खाटेच्या कडेवर बसवले. खाट उंच होती म्हणून पायाखाली वह्या ठेवत गेलो, तळपाय पूर्ण टेकले आणि मांड्या सपाट झाल्या तेव्हा थांबलो. मग वह्यांपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजले. १६ इंच भरले. बैठक एवढीच उंच हवी. त्यापेक्षा फार खाली असली तर उठताना गुडघ्यावर जोर येतो, फार वर असली तर पाय लोंबकळतात. तुमच्या आजीचे माप वेगळे येईल, तेच घ्या.

बैठकीची फळी पाऊण इंच जाड होती. म्हणून पाय किती उंच कापायचे? १६ मधून पाऊण गेला, राहिले सव्वापंधरा. हे गणित मी केले. वर्गात पाव, अर्धा, पाऊण शिकताना मला कंटाळा येतो, पण इथे पाव इंच चुकला असता तर बाक लंगडा झाला असता.

बैठक ३० इंच लांब, म्हणजे अडीच फूट. दोघी बसतात. रुंदीला साडेतीन इंचाच्या चार फळ्या, म्हणजे १४ इंच. पाय पॅलेटच्या जाड दांड्यांतून निघाले, एका दांड्यातून दोन.

हत्यारे फार लागत नाहीत. करवत, हातोडी, पकड, गुण्या, गिरमिट आणि पॉलिशपेपर. आमच्याकडे हातोडी आणि पकड होती. बाकीची शेजारच्या सुतारकाकांनी दिली. गुण्या म्हणजे काटकोनी पट्टी. गुण्या नसेल तर वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा चालतो, पण नव्या वहीचा. माझ्या वह्यांचे कोपरे काटकोनी राहिलेले नाहीत.

सर्वांत कंटाळवाणे काम पॅलेट सोडवण्याचे. फळीला वरून हातोडी मारली तर ती चिरते. फळी आणि दांडा यांच्यामध्ये लाकडाची पाचर ठोकायची, फळी जरा वर आली की दुसऱ्या टोकाला ठोकायची, असे थोडे थोडे करून सोडवायची. खिळा उपटताना हातोडीखाली लाकडाचा तुकडा ठेवला की जोर कमी लागतो. त्याला तरफ म्हणतात. वाकलेले खिळे बाबा दगडावर सरळ करणार होते, आईने करू दिले नाहीत. ती म्हणाली, "म्हातारीच्या बसायला गंजके खिळे नको." नवे खिळे ६० रुपयांचे आले. उपटलेले खिळे मी डब्यात मोजून भरले. एक जरी अंगणात राहिला तरी कोणाच्या तरी पायात जाणार. ज्याच्याकडे लोहचुंबक आहे त्याने तो दोरीला बांधून अंगणात फिरवावा, झटपट काम होते.

करवत लहान मुलांनी चालवायची नाही. हा आमच्या आईचा नियम आहे आणि त्यात सूट नाही. मुलांनी मोजायचे, पेन्सिलीने रेघ मारायची, फळीचे दुसरे टोक धरायचे, घासायचे. घासताना नाकाला रुमाल बांधायचा. पायात चपला हव्याच.

आता वेळ. आई सकाळी आठला जाते, सात वाजता येते. मग स्वयंपाक, भांडी, धाकटा भाऊ. बाबा चार-चार दिवस गाडीवर असतात. एका दिवसात बाक करायचा म्हटले असते तर तो कधीच झाला नसता. आईने कामाचे तुकडे केले. रोज अर्धा तास, जास्त नाही. सोमवारी नुसत्या फळ्या सोडवल्या. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी रेघा मारल्या. गुरुवारी पाय कापले. घासायला तीन संध्याकाळी गेल्या, ते काम ताईचे आणि माझे. आवाजाची कामे भाऊ जागा असताना आणि बिनआवाजाची तो झोपल्यावर. गुरुवारी तो लवकर झोपला, म्हणून चौथा पाय शुक्रवारी कापला. फेव्हिकॉल वाळायला वेळ लागतो, तेवढ्यात आईच्या भाकऱ्या होतात. ठोकायचे मोठे काम बाबा घरी आल्यावर रविवारी झाले. आई म्हणते, अर्धवट काम दिसत राहायला पाहिजे, खाटेखाली सरकवले की विसरले. म्हणून फळ्या नेहमी दाराजवळ उभ्या असायच्या. आम्ही दोन आठवडे आडवे होऊन आतबाहेर करत होतो.

खिळा ठोकण्यातही शास्त्र आहे. फळीच्या अगदी टोकाला खिळा मारला की फळी उभी चिरते, कारण लाकडाचे धागे लांबीला असतात आणि खिळ्याचे टोक पाचरीसारखे त्यांत घुसते. म्हणून टोकापासून निदान एक इंच आत मारायचा. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडले तर उत्तम. दोन खिळे एकाच धाग्याच्या रेषेत मारायचे नाहीत, थोडे पुढेमागे मारायचे. सुतारकाका खिळ्याचे टोक आधी हातोडीने बोथट करतात. मला हसू आले, टोकदार खिळा बोथट कशाला? पण बोथट खिळा धागे बाजूला ढकलत नाही, चिरडत आत जातो, त्यामुळे फळी फाटत नाही. आम्ही दोन्ही करून पाहिले. टोकदार खिळ्याने चिरलेला तुकडा मी वर्गात आणून ठेवला आहे. पातळ लाकूड वर ठेवून जाड लाकडात खिळा जाऊ द्यायचा. पाऊण इंचाच्या फळीला आम्ही दोन इंचाचे खिळे घेतले, म्हणजे सव्वा इंच खिळा आतल्या जाड लाकडात बसला.

जोडणी अशी करायची. दोन पाय उभे धरून वरच्या टोकाला १४ इंचाची आडवी पट्टी, खाली जमिनीपासून चार इंचावर दुसरी. झाली एक बाजू. तशीच दुसरी बाजू. दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या करून पुढे आणि मागे ३० इंचाची एकेक लांब पट्टी. या दोन लांब पट्ट्यांच्या मध्यभागी, आतून, आणखी एक आडवी पट्टी. ती नसेल तर बैठकीच्या फळ्या मध्ये वाकतात. प्रत्येक जोडाला आधी फेव्हिकॉल, मग खिळे.

एवढे झाल्यावर बाबांनी सांगाडा हलवून दाखवला. तो पत्त्यांच्या घरासारखा कलत होता! खिळे घट्ट होते, तरी कलत होता. याचे कारण तुम्ही घरी करून पाहू शकता. आइस्क्रीमच्या चार काड्या घ्या, टोकाला एकेक टाचणी मारून चौकोन करा. कोपरा दाबला की चौकोन तिरपा होतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा. तो हलणार नाही. काड्यांची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलूच शकत नाही. म्हणून विजेच्या मोठ्या टॉवरवर, लोखंडी पुलावर सगळीकडे तिरप्या पट्ट्या दिसतात. बाबांनी मागच्या बाजूला एका पायाच्या खालून दुसऱ्या पायाच्या वरपर्यंत एकच तिरपी पट्टी ठोकली. सांगाडा खांबासारखा उभा राहिला. एका पट्टीची एवढी ताकद!

मग बैठकीच्या चार फळ्या लांबीला ठोकल्या. दोन फळ्यांच्या मध्ये काडेपेटीची काडी मावेल एवढी फट ठेवायची. ही फट विसरू नका. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते, लाकूड पाणी ओढते आणि रुंदीला फुगते. लांबीला जवळजवळ नाही, रुंदीलाच. पावसाळ्यात आपले दरवाजे घट्ट होतात ते यामुळेच. फट नसेल तर फळ्या एकमेकींना ढकलून वर उचलल्या जातात. शिवाय फटीतून पाणी गळून जाते.

कडा पॉलिशपेपरने गोल करायच्या. आजीची साडी अडकता कामा नये. आई जुनी नायलॉनची ओढणी फळीवरून फिरवून पाहायची, जिथे अडकली तिथे परत घासायचे. ओढणी सात ठिकाणी अडकली.

शेवटी अळशीचे तेल फडक्याने चोळले. त्याने पाणी लवकर मुरत नाही. त्या तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना गरम होते आणि फडक्यांच्या गोळ्याला आपोआप आग लागू शकते. ती दोरीवर पसरून वाळवायची. हे तेलाच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिले होते, ताईने वाचून दाखवले. पायांच्या तळाला लाकडाची तोंडे उघडी असतात, तिथून पाणी जास्त चढते आणि वाळवीही तिथूनच येते. तिथे आम्ही मेण वितळवून लावले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले.

आजी लगेच बसली नाही. बाबांनी बसू दिले नाही. आजीचे वजन ५८ किलो आहे. त्याच्या दुप्पट वजन आधी ठेवून पाहा, असे गुरुजींनी सांगितले होते. ५८ दुणे ११६. तांदळाच्या २५ किलोच्या दोन गोण्या ठेवल्या, ५० झाले. त्यावर बाबा बसले, ते ७२ किलो आहेत. १२२ किलो. बाक कुरकुरलाही नाही. बाबा पुढे मागे हलले, तरी काही नाही. एक रात्र गोण्या तशाच ठेवल्या. सकाळी खाली वाकून सगळे जोड पाहिले, कुठे फट पडली नव्हती. मग आजीला बोलावले.

आजी बसली. दोन्ही हात फळीवर टेकले आणि आपली आपण उठली. मग परत बसली. परत उठली. असे तिने चार वेळा केले. म्हणाली, "आता कुनाचा हात नको मना." आई पदराने डोळे पुसत आत भाकऱ्या करायला गेली. आता संध्याकाळी आजी पडवीत असते, आणि दुसऱ्या टोकाला कोणी ना कोणी शेजारीण बसलेली असते. मला बसायला जागाच मिळत नाही.

एकंदर खर्च लिहिते. पॅलेट २००, खिळे ६०, पॉलिशपेपर ४०, फेव्हिकॉल ५०, तेल ९०. बेरीज ४४० रुपये. उरलेल्या लाकडात चपलांची मांडणी झाली, तिला वेगळा खर्च नाही. ताईचे बैठे मेज दुसऱ्या पॅलेटचे. मांडी घालून बसल्यावर कोपर जिथे येतो तेवढी त्याची उंची ठेवली, ताईला १० इंच आली. ताई यंदा दहावीला आहे. पूर्वी ती जमिनीवर वही ठेवून वाकून लिहायची, मान दुखायची.

गुरुजींनी आम्हाला फोनवर एक चित्र दाखवले. इटलीमध्ये एन्झो मारी नावाचे एक कलाकार होते. त्यांनी १९७४ साली साध्या फळ्या आणि खिळे यांच्या मेज, खुर्च्या, खाटा यांचे नकाशे काढले आणि जो टपालखर्च पाठवील त्याला ते नकाशे पाठवले. लोकांनी आपले सामान आपण करून पाहावे, म्हणजे चांगली वस्तू कशी ओळखायची ते कळेल, असे त्यांना वाटे. त्यांच्या मेजालाही खाली तिरप्या पट्ट्या आहेत! मी लगेच ओळखल्या.

म्हणून मीही आमच्या बाकाचा नकाशा पुठ्ठ्यावर काढला आहे. तो या लेखाच्या खाली टाचला आहे. कोणी काढून नेऊ नये, वहीत उतरवून घ्यावा. पायांचे माप तिथे मुद्दाम रिकामे ठेवले आहे, ते आपापल्या आजीचे लिहायचे आणि त्यातून फळीची जाडी वजा करायची. पहिलीच्या वर्गाबाहेर दप्तरे ओल्या फरशीवर असतात, तिथे एक लांब मांडणी करायची असे ठरते आहे. त्यासाठी दोन पॅलेटी लागतील. कोणाच्या घरी एच-टी शिक्क्याची पडून असेल तर शनिवारपर्यंत गुरुजींना सांगा.